शिकवण्यासाठी झेरॉक्स काढणे गुन्हा नाही, परवानगीविना संकलन छापणे माफ नाही: कुलगुरूंना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील विद्यापीठांचे मा. कुलगुरू, अभ्यासमंडळांचे अध्यक्ष आणि महाविद्यालयांचे प्राचार्य

सप्रेम नमस्कार.

कॉपीराइटच्या बाबतीत आपल्या उच्च शिक्षणात एक उलटी रीत रुळली आहे. कायद्याने शिक्षकाला आणि विद्यार्थ्याला जिथे स्पष्ट मोकळीक दिली आहे, तिथे आपण घाबरून मागे सरतो. ती मोकळीक जिथे संपते, तिथे मात्र बिनधास्त पुढे जातो. ग्रंथालयात पाटी असते, ‘पुस्तकाच्या १० टक्क्यांहून जास्त पानांची झेरॉक्स मिळणार नाही’. आणि त्याच संस्थेच्या संकेतस्थळावर, कुणालाही उतरवून घेता येईल अशा जागी, बाजारात मिळणारी अख्खी संदर्भपुस्तके स्कॅन करून टाकलेली असतात. पहिल्या गोष्टीला कायद्यात आधार नाही आणि दुसरीला बचाव नाही. म्हणून आमची मागणी एकच आहे: प्रत्येक विद्यापीठाने याबाबतचे लेखी, नेमके धोरण विद्या परिषदेत मंजूर करावे आणि ते संलग्न महाविद्यालयांना लागू करावे. त्यात काय असायला हवे, ते पुढे लिहीत आहोत.

आधी त्या १० टक्क्यांबद्दल. आपला स्वामित्वहक्क (कॉपीराइट) कायदा १९५७ चा. कोणती कृती हक्कभंग ठरत नाही, याची यादी त्याच्या कलम ५२ मध्ये आहे. वर्गात शिकवण्यासाठी नक्कल करण्याबाबतच्या पोटकलमात पानांची, शब्दांची किंवा टक्क्यांची मर्यादा नाही. १० टक्क्यांचा निकष ऑस्ट्रेलियाच्या कायद्यात आहे, आपल्या नाही. गोंधळात भर पडते ती विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्यविषयक विनियमांमुळे. १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, असे त्यात म्हटले आहे. पण तो निकष प्रबंधातला मजकूर इतरांच्या मजकुराशी किती जुळतो, याचा आहे. झेरॉक्सच्या पानांशी त्याचा काही संबंध नाही. लेखकाचे नाव ठळक छापूनही हक्कभंग होऊ शकतो. उलट, हक्काची मुदत केव्हाच संपलेल्या पुस्तकातला उतारा नाव न देता उचलला, तर हक्कभंग होत नाही, पण वाङ्मयचौर्य होतेच. धोरण लिहिताना हे दोन विषय दोन वेगळ्या कागदांवर ठेवावेत.

आता मोकळीक काय आहे ते पाहू. कलम ५२(१)(आय) नुसार शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने अध्यापनाच्या ओघात कोणत्याही कृतीची केलेली नक्कल हक्कभंग ठरत नाही. प्रश्नपत्रिकेतला उतारा आणि उत्तरपत्रिकेतला उतारा यांनाही तेच लागू आहे. याच्या जोडीला कलम ५२(१)(ए) आहे. संशोधनासह खासगी वापरासाठी, तसेच टीका किंवा समीक्षेसाठी केलेला उचित वापर त्यात येतो. संगणक प्रोग्रॅम मात्र या ‘ए’मधून वगळलेला आहे.

‘अध्यापनाच्या ओघात’ म्हणजे किती, हा प्रश्न दिल्ली उच्च न्यायालयात लढवला गेला. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी २०१२ मध्ये दिल्ली विद्यापीठावर आणि आवारातल्या रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस या दुकानावर दावा लावला. वेगवेगळ्या पुस्तकांतली नेमलेली प्रकरणे एकत्र बांधून दिलेले कोर्स पॅक, हा वादाचा विषय होता. सप्टेंबर २०१६ मध्ये एकसदस्यीय पीठाने दावा फेटाळला. ९ डिसेंबर २०१६ रोजी खंडपीठाने काही मुद्दे पुराव्यासाठी परत पाठवले, पण मनाई हुकूम नाकारला आणि कायद्याचा अर्थ स्पष्ट केला. अध्यापन म्हणजे केवळ तासाची ४८ मिनिटे नव्हेत, अभ्यासक्रम ठरवण्यापासूनची सगळी प्रक्रिया त्यात येते. शिक्षक आणि विद्यार्थी हे शब्द एकवचनी असले तरी अख्ख्या वर्गासाठी प्रती काढता येतात. प्रत यंत्रावर कोण काढतो, यानेही फरक पडत नाही. कसोटी एकच: अध्यापनाच्या हेतूला जितके लागते तितकेच घेतले का? मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला. त्यामुळे परत पाठवलेल्या मुद्द्यांवर पुरावा झालाच नाही, आणि अख्खे पुस्तक उतरवणे या कसोटीत बसते का, त्याचाही निवाडा झाला नाही. हा निकाल महाराष्ट्रावर बंधनकारक नसला तरी केंद्रीय कायद्याचा एका उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने लावलेला अर्थ म्हणून त्याला वजन आहे. म्हणूनच ती १० टक्क्यांची पाटी काढा, असे आम्ही निःशंकपणे सांगतो.

मात्र पाटी काढली की जबाबदारी शिक्षकाकडे येते, आणि ती कागदावर दिसली पाहिजे. कोर्स पॅक करताना सुरुवात अभ्यासक्रमाच्या घटकापासून करावी. घटक दोनसाठी कोणती पाने लागतात, ते शिक्षकाने पुस्तकागणिक लिहून द्यावे. आमच्या मते सर्वाधिक चुका इथेच होतात. एका प्रकरणाची गरज असते, पण झेरॉक्सवाल्याकडे पुस्तक जाते आणि ‘असू दे, पुढेमागे लागेल’ म्हणत सगळेच निघते. मग ‘हेतूला लागते तितकेच’ हा बचाव उरत नाही. ज्या पुस्तकातून पाने घेतली, त्याची निदान एक विकत घेतलेली प्रत ग्रंथालयात असावी. चोरीच्या पीडीएफवरून काढलेल्या कोर्स पॅकचा पायाच कच्चा असतो. पहिल्या पानावर विषय, सत्र, शिक्षकाचे नाव, प्रत्येक उताऱ्याचे लेखक, पुस्तक, प्रकाशक, वर्ष आणि पृष्ठक्रमांक द्यावेत. प्रती पटावरच्या संख्येइतक्याच काढाव्यात. दुकानदाराने फक्त पानामागे ठरलेला दर घ्यावा. रंगीत मुखपृष्ठ घालून, किंमत छापून, गठ्ठे करून ते पुढच्या वर्षीसाठी विकायला ठेवले, की ती शिकवण्यासाठीची नक्कल राहत नाही, ते प्रकाशन होते.

दुकानदाराचा विचार कोणी करत नाही, म्हणून तो इथे मुद्दाम करतो. हक्कभंगाच्या गुन्ह्याला कलम ६३ खाली साधारणपणे सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड आहे. धाड पडली तर दारात उभा असतो तो झेरॉक्सवाला, प्राध्यापक नव्हे. त्याच्याकडे प्रत्येक कोर्स पॅकसोबत विभागप्रमुखांच्या सहीचे अर्ध्या पानाचे पत्र असावे: कोणत्या विषयासाठी, कोणती पाने, किती प्रती. हे न देता त्याच्याकडे पुस्तके टाकून येणे अन्यायाचे आहे.

आणखी एक विवेक आम्हाला महत्त्वाचा वाटतो. मराठीतल्या संदर्भग्रंथांच्या आवृत्त्या लहान असतात. असे पुस्तक बाजारात मिळत असेल, अभ्यासक्रमात ते बहुतांशी शिकवायचे असेल, तर विद्यार्थ्यांना ते विकत घ्यायला सांगावे आणि ग्रंथालयाने जादा प्रती घ्याव्यात. परदेशी महागड्या ग्रंथातले एक प्रकरण आणि मराठी प्रकाशकाचे अख्खे क्रमिक पुस्तक यांना एकच न्याय लावू नये. आपण मराठीतून उच्च शिक्षण द्यायचे म्हणतो, मग मराठीत ज्ञानग्रंथ लिहिणाऱ्याच्या हातात चार पैसे पडू देणे हे आपलेच काम आहे.

डिजिटल प्रतींचा भाग जास्त निसरडा आहे. संकेतस्थळावर खुलेपणाने फाइल ठेवणे म्हणजे केवळ नक्कल करणे नव्हे. ती कृती जनतेसाठी उपलब्ध करून देणे हा कायद्याने स्वतंत्र मानलेला हक्क आहे. म्हणून फाइल बंद दाराआड, त्या सत्राला नाव नोंदवलेल्यांपुरतीच असली पाहिजे. चूक होते ती साध्या सेटिंगमध्ये. मूडल या ऑनलाइन वर्गाच्या प्रणालीत अतिथी प्रवेश चालू राहतो. ड्राइव्हवरच्या फोल्डरला ‘लिंक असलेल्या कुणालाही’ अशी परवानगी दिलेली असते आणि ती लिंक महाविद्यालयाच्या पानावर चिकटवलेली असते. व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये तर मागच्या तीन बॅचचे विद्यार्थी तसेच राहतात, आणि तिथली पीडीएफ संध्याकाळपर्यंत टेलिग्राम चॅनेलवर पोचते. धोरणात स्पष्ट लिहावे: संस्थेच्या ईमेल खात्यानेच प्रवेश, वर्गनिहाय फोल्डर, सत्र संपल्यावर ठरलेल्या तारखेला प्रवेश बंद. ग्रुपवर फाइल टाकू नये, मूडलची लिंक टाकावी. यूट्यूबवर जाणाऱ्या व्याख्यानात दुसऱ्याचे चित्र, तक्ता किंवा चित्रफीत असेल आणि आपण त्यावर प्रत्यक्ष टीका-विश्लेषण करत नसू, तर ते काढून मुक्त परवान्याचे घ्यावे. तिथला प्रेक्षक आपल्या वर्गापुरता नसतो.

नियतकालिकांतल्या लेखांसाठी तर पीडीएफ फिरवण्याची गरजच कमी झाली आहे. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेतून २०२५ पासून सरकारी विद्यापीठे आणि संस्थांना ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके इन्फ्लिबनेट या विद्यापीठ ग्रंथालयांना जोडणाऱ्या केंद्रामार्फत खुली झाली आहेत. जी महाविद्यालये त्यात येत नाहीत त्यांनी एन-लिस्ट या महाविद्यालयांसाठीच्या ई-साहित्य योजनेची सदस्यता तपासावी. वाचनयादीत लेखाचा डीओआय, म्हणजे त्याचा कायमचा डिजिटल ओळखक्रमांक, द्यावा. एक इशारा: या संग्रहावर कलम ५२ इतकाच परवान्याचा करारही लागू असतो. कुणी प्रोग्रॅम चालवून शेकडो लेख एकदम उतरवायला घेतले, तर प्रकाशक त्या संस्थेचा प्रवेश थांबवतो आणि परीक्षेच्या तोंडावर सगळेच अडकतात.

आता अभ्यासमंडळांच्या अध्यक्षांशी थोडे सविस्तर बोलायचे आहे, कारण सर्वांत मोठी गफलत त्यांच्या कामात होते. भाषा विषयांसाठी कथा, कविता, निबंध यांची संकलने छापली जातात, त्यांवर किंमत असते, ती हजारोंनी खपतात. ‘शैक्षणिक वापर आहे, परवानगी कशाला?’ असे संपादक मंडळात सहज म्हटले जाते. पण कलम ५२(१)(आय) वर्गासाठीच्या नकलेला संरक्षण देते, पुस्तक प्रकाशित करण्याला नाही. संकलनासाठी वेगळे पोटकलम आहे, ५२(१)(एच), आणि ते फार अरुंद आहे. संकलनातला बहुतेक मजकूर हक्कमुक्त असला पाहिजे. घेतलेले उतारे छोटे असावेत आणि मुळात अध्यापनासाठी प्रसिद्ध झालेले नसावेत. पुस्तक अध्यापनासाठी आहे, हे शीर्षकात आणि जाहिरातीत सांगितलेले असावे. शिवाय एकाच प्रकाशकाने पाच वर्षांत एका लेखकाचे दोनहून अधिक उतारे घेता कामा नयेत. आधुनिक मराठी कवितेचे संकलन यात बसणे जवळजवळ अशक्य आहे.

मुदतीचे गणित करून पाहा. लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून ६० वर्षे हक्क टिकतो. केशवसुत १९०५ मध्ये गेले, त्यांची कविता केव्हाच मोकळी आहे. बा. सी. मर्ढेकर आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर दोघेही १९५६ मध्ये गेले, त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन १ जानेवारी २०१७ पासून मोकळे झाले. पण कुसुमाग्रज १९९९ मध्ये गेले, त्यांच्या कवितेवरचा हक्क २०५९ अखेरपर्यंत आहे. नारायण सुर्वे २०१० मध्ये आणि नामदेव ढसाळ २०१४ मध्ये गेले, त्यांचा हक्क आणखी पुढे जातो. इथे तीन खड्डे आहेत. मूळ लेखन मोकळे असले तरी त्याच्या अलीकडच्या भाषांतरावर भाषांतरकाराचा हक्क असतो. नव्या आवृत्तीतली प्रस्तावना आणि टीपा संपादकाच्या असतात, मूळ लेखकाच्या नव्हेत. आणि लेखकाच्या मृत्यूनंतर प्रथम प्रसिद्ध झालेल्या लेखनाची ६० वर्षे त्या प्रकाशनानंतर मोजली जातात.

परवानगी घ्यायची ती अशी. आधी हक्क कुणाकडे आहे ते शोधावे. पुस्तकाच्या श्रेयपानावर बहुधा लेखकाचे किंवा वारसाचे नाव असते. प्रकाशकाकडे अनेकदा केवळ त्या पुस्तकाच्या आवृत्तीचा हक्क असतो, त्यामुळे त्याच्या एकट्याच्या होकारावर थांबू नये. वारस अनेक असतील तर सर्वांची, किंवा सर्वांनी अधिकार दिलेल्या एकाची सही घ्यावी. पत्रात कविता किंवा उताऱ्याचे नाव, मूळ पाने, संकलनाचे नाव, प्रतींची संख्या, किंमत, छापील की ई-आवृत्तीही, मुदत, मानधन आणि ते देण्याची तारीख, हे सारे असावे. मुदत न लिहिण्याची चूक फार महागात पडते. कलम १९ नुसार लेखी करारात मुदत नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश नसेल तर भारत धरला जातो. परवान्यालाही हाच नियम लागू होतो. म्हणजे अभ्यासक्रम सातव्या वर्षीही तोच राहिला आणि संकलन पुन्हा छापले, तर ती आवृत्ती परवानगीविना ठरते. ‘३० दिवसांत उत्तर न आल्यास संमती समजू’ हे वाक्य अशा पत्रांत आम्ही वारंवार पाहतो. त्याला कायदेशीर किंमत नाही. लेखकाच्या ओळी गाळून किंवा बदलून छापायच्या असतील तर तेही विचारावे, कारण कृतीची मोडतोड होऊ न देण्याचा लेखकाचा हक्क कलम ५७ ने वेगळा राखला आहे. हे सगळे करायला सहा महिने लागतात. संपादक मंडळ जूनच्या पुस्तकासाठी एप्रिलमध्ये बसते, म्हणून परवानगी राहून जाते. अभ्यासक्रम मंजूर झाला त्याच दिवशी पत्रे निघाली पाहिजेत.

इंग्रजी प्रकरणाचा मराठी अनुवाद करून वर्गात वाटणाऱ्या शिक्षकांना थांबवू नका. कलम ५२(२) मुळे या सवलती भाषांतराच्या बाबतीतही सांगता येतात. तोच अनुवाद पुस्तकरूपाने छापायचा झाला तर मूळ हक्कधारकाची लेखी परवानगी लागेल.

दृष्टिबाधित आणि इतर अपंग विद्यार्थ्यांच्या बाबतीत तर आपली भीती क्षम्यच नाही. २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ५२(१)(झेडबी) नुसार अशा विद्यार्थ्याला वाचता येईल त्या स्वरूपात कोणतीही व्यक्ती कोणतीही कृती रूपांतरित करून देऊ शकते. फक्त नफा घ्यायचा नाही, खर्चापुरतीच रक्कम घेता येते. म्हणजे इथे अख्खे पुस्तकसुद्धा चालते. दृष्टिबाधितांना वाचता येईल अशी पुस्तके मिळावीत यासाठीच्या आंतरराष्ट्रीय मराकेश कराराला मान्यता देणारा भारत हा पहिला देश होता, २०१४ मध्ये. तरी ग्रंथपाल ‘प्रकाशकाची परवानगी आणा’ म्हणतात. जे दिले जाते तेही बऱ्याचदा निरुपयोगी असते, कारण स्कॅनचे नुसते चित्र स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्रॅम, वाचू शकत नाही. पाने ३०० डीपीआयवर, सरळ धरून, पुस्तकाचा मधला कणा काळा न येता स्कॅन करावीत, मराठी भाषा निवडून ओसीआर (चित्रातली अक्षरे संगणकावरच्या मजकुरात बदलणे) करावे, मग जोडाक्षरे, रफार आणि अंक माणसाने डोळ्यांखालून घालावेत, शीर्षकांना शीर्षकाची शैली द्यावी आणि युनिकोडमधली वर्ड किंवा ईपब फाइल द्यावी. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये जुळवलेली पीडीएफ डोळ्यांना मराठी दिसते, पण स्क्रीन रीडरला त्यात निरर्थक अक्षरे मिळतात. तिचेही ओसीआरच करावे लागते. अशी फाइल एकदा तयार झाली की ती सुगम्य पुस्तकालय या दृष्टिबाधितांसाठीच्या ऑनलाइन ग्रंथालयासारख्या संग्रहात पाठवावी, म्हणजे तेच काम दुसऱ्या महाविद्यालयाला नव्याने करावे लागणार नाही.

चित्रपट आणि नाटकांविषयी थोडक्यात. संस्थेच्या कार्यक्रमात चित्रपट दाखवायला कलम ५२(१)(जे) आहे, पण प्रेक्षक कर्मचारी, विद्यार्थी, पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंधित व्यक्ती एवढेच हवेत. गावाला खुला असलेला चित्रपट महोत्सव त्यात येत नाही. एकांकिका नाट्यगृहात तिकीट लावून करायची असेल तर लेखकाची लेखी परवानगी आणि मानधन लागते.

दुर्मीळ पुस्तकांसाठी ५२(१)(ओ) नुसार भारतात विक्रीला नसलेल्या पुस्तकाच्या तीन प्रतींपर्यंत नक्कल करता येते. पण ती सवलत अव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाला, त्याच्या स्वतःच्या वापरासाठी आहे. महाविद्यालयीन ग्रंथालयांनी तिच्यावर भिस्त ठेवण्याआधी विद्यापीठाच्या विधी सल्लागाराचे लेखी मत घ्यावे, आणि विद्यापीठाने ते मत एकदाच घेऊन सर्वांना कळवावे.

हे सगळे चालायला प्रत्येक विद्यापीठात एक नेमलेली व्यक्ती हवी, शक्यतो ग्रंथालयातली, जिच्याकडे शिक्षक ईमेलने विचारू शकतील आणि जिने ठरलेल्या मुदतीत, समजा तीन कामाच्या दिवसांत, लेखी उत्तर द्यावे. दिलेली उत्तरे नावे वगळून सर्व महाविद्यालयांना खुली करावीत, म्हणजे तोच प्रश्न चाळीस ठिकाणी चाळीस प्रकारे सुटणार नाही. हक्कधारकाची तक्रार आली तर फाइल आधी खाली घ्यावी, मग नोंद पाहून उत्तर द्यावे. नोंदच नसेल तर चूक मान्य करून भरपाईचे बोलावे.

आणि अर्थसंकल्पात ‘लेखक मानधन व परवानगी शुल्क’ हे स्वतंत्र शीर्ष उघडावे. आज संकलनाचा कागद, छपाई, संपादक मंडळाचा प्रवासभत्ता या सगळ्यांची तरतूद असते, फक्त ज्याची कविता छापली त्याची नसते. येत्या विद्या परिषदेच्या विषयपत्रिकेत हे धोरण घ्यावे आणि पुढच्या शैक्षणिक वर्षाची पुस्तके छापायला जाण्याआधी ते लागू करावे, ही विनंती. मसुद्यासाठी हवी ती मदत आम्ही विनामूल्य करू.

आपले,
उच्च शिक्षणातील काही प्राध्यापक, ग्रंथपाल आणि स्वामित्वहक्क कायद्याचे अभ्यासक